वळू जोरात चढतो, तरी गाई का उलटतात?

चिकोडी तालुक्यातल्या दूधगंगेकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"आमच्याकडे पाच एचएफ (होल्स्टिन) संकरित गाई आहेत. सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईचा गोऱ्हा माझ्या धाकट्या दिरांनी वळू म्हणून राखला. आता तो तीन वर्षांचा आहे. गेलं दीड वर्ष वाडीतल्या गाई त्याच्याकडे आणतात. पहिल्या वर्षी चांगल्या गाभण राहिल्या, काही वेल्याही. यंदा एप्रिलपासून अकरा गाई भरवल्या, त्यातल्या आठ उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. शेजारी पैसे परत मागतात. भाऊजी म्हणतात, वळू जोरात चढतो, दोष गाईंचा. कृषी प्रदर्शनात एकाने सांगितलं की शेपटीच्या केसांवरून डीएनए चाचणी होते आणि वळूची प्रजननशक्ती कळते, पण काही हजार रुपये लागतात. करावी का? त्याच गाईच्या दोन कालवडी आता माजावर येतात, त्या या वळूकडे भरवल्या तर चालेल का? मार्चमध्ये त्याला ताप आला होता, चार दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं, पण आता ठणठणीत आहे."

ताई, तूर्त त्या चाचणीचे पैसे भरू नका. चाचणी खोटी असते असं मी म्हणत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही, आणि पहिला रुपया दुसरीकडे खर्च करायला हवा.

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. मार्चमध्ये ताप आला. त्याआधी गाई राहत होत्या, त्यानंतर उलटायला लागल्या. जनुकं जन्मापासून मरेपर्यंत तीच राहतात, मार्च महिन्यात ती बदलत नाहीत. या वळूत जन्मजात वांझपणा असता, तर पहिल्या वर्षी एकही गाय वेली नसती. म्हणून माझा पहिला संशय तापावर आहे आणि दुसरा उन्हाळ्यावर.

वळूच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात. मग तो पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजे आज जे वीर्य पडतं, त्याची तयारी सव्वादोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते. वृषणांना अंगापेक्षा ४-५ अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ती पोटाबाहेर लोंबतात. चार दिवस कडक ताप राहिला, की तयार होत असलेली सगळी फळी बिघडते आणि तो बिघाड पुढचे दोन-अडीच महिने वीर्यात दिसत राहतो. त्यावर एप्रिल-मेचं आपल्याकडचं ऊन. वळू पत्र्याखाली बांधलेला असेल, तर दुपारी तिथे माणूससुद्धा उभा राहू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये भरवलेल्या गाई उलटल्या यात मला नवल वाटत नाही.

तो ताप कशाचा होता, ते मात्र आठवून पाहा. अंगावर गाठी आल्या होत्या का? लंगडत होता का? तोंडातून लाळ गळत होती? तिवा (तीन दिवसांचा ताप) असेल तर वळू काही महिने कमी फळतो आणि बहुतेक वेळा सावरतो. अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगात वृषणांना सूज आली असेल, तर नुकसान कायमचंही होऊ शकतं. डॉक्टरांना हे सगळं तोंडी सांगा, केसपेपरवर असेलच असं नाही.

आता भाऊजींचं म्हणणं. वळू चढतो हे खरं असेल, पण चढणं वेगळं आणि फळणं वेगळं. चढण्याची इच्छा ज्या संप्रेरकाने येते, ते वृषणातल्या एका प्रकारच्या पेशी बनवतात. शुक्राणू बनतात ते शेजारच्या बारीक नळ्यांत. उष्णतेने आणि तापाने आधी त्या नळ्या बिघडतात. त्यामुळे वीर्य निकामी झालेला वळूही पूर्वीच्याच जोमाने गाईवर जातो. आणि गाईंचाच दोष म्हणायचा, तर वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या चाऱ्यावरच्या आठ गाई एकाच हंगामात एकदम बिघडल्या असं मानावं लागेल. आपल्याकडे गाय उलटली की बोल गाईला लागतो, आणि तीन-चारदा उलटली की तिला बाजार दाखवतात. मला याचं फार वाईट वाटतं. चांगल्या दुधाच्या गाई अशा कवडीमोलाने गेलेल्या मी या भागात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे आणलेला वळू मात्र कुणी तपासलेला नसायचा. एका गाईत दोष असेल तर एका घराचं दूध जातं. वळूत असेल तर सगळ्या वाडीचं वर्ष जातं. म्हणून तपासणी वळूपासून सुरू करायची.

शेजाऱ्यांनाही एक गोष्ट सांगा. अकरातल्या आठ उलटल्या हा आकडा संशय घ्यायला पुरेसा आहे, शिक्का मारायला नाही. गावपातळीवर कृत्रिम रेतनात शंभरातल्या ३५-४० गाई एका खेपेला गाभण राहतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. तुमच्या अकरांतल्या तीन राहिल्या. उलटलेल्या म्हणून मोजलेल्या आठही खरंच रिकाम्या आहेत का, आणि न उलटलेल्या तिन्ही खरंच गाभण आहेत का, हे भरवल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांकडून हात घालून तपासून घ्या.

हे होईपर्यंत एक काम घरबसल्या करा. प्रत्येक गाय कोणत्या तारखेला भरवली आणि कोणत्या तारखेला पुन्हा माजावर आली, हे शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहा. गाय १८ ते २४ दिवसांत उलटली असेल, तर बहुधा गर्भ धरलाच नाही किंवा पहिल्या काही दिवसांतच गेला. तीच गाय ३५, ४५, ६० दिवसांनी उलटली असेल, तर गर्भ धरला होता आणि नंतर मेला. या दोन गोष्टींची कारणं वेगळी आहेत. पहिल्या प्रकारच्या गाई जास्त असतील, तर वीर्याकडे पाहायचं. दुसऱ्या प्रकारच्या जास्त असतील, तर मला संसर्गाची भीती वाटते. ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू वळूच्या शिश्नाच्या कातडीत दडून राहतात. वळूला काहीच होत नाही, आणि तो एका घरच्या गाईकडून दुसऱ्या घरच्या गाईला ते देत जातो. वाडीभरच्या गाई एका वळूकडे आणण्यातला खरा धोका हाच. वळूची तपासणी होईपर्यंत त्याच्याकडे गाय आणणं बंद ठेवा. दवाखान्याचं कार्ड कन्नडात असेल आणि घरात वाचणारं कुणी नसेल, तर तारखा आणि आकडे डॉक्टरांच्या समोरच आपल्या वहीत मराठीत उतरवून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तीच वही उपयोगी पडेल.

आता वळूची तपासणी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल, तर आपल्याला गदगचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घाटमार्गाने गेलं तर साताऱ्याकडे शिरवळचं आहे. जाण्याआधी फोन करून वेळ घ्या. डॉक्टर आधी वृषण हाताने चाचपतात: दोन्ही सारखी आहेत का, कडक आहेत की पिलपिली, दाबल्यावर वळू पाय झाडतो का. मग टेपने घेर मोजतात. परदेशी जातींच्या दोन वर्षांवरील वळूला ३४ सेंटिमीटर घेर चांगला समजतात. नंतर वीर्य काढून एक थेंब कोमट काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मला अजूनही तो क्षण आवडतो. चांगलं वीर्य असलं तर एकेक शुक्राणू वेगळा दिसतच नाही, सगळा थेंब पावसाळी ढगांसारखा घुसळत असतो. बिघडलेल्या वीर्यात तो थेंब निपचित पडून असतो, मधूनच एखादा शुक्राणू जागच्या जागी वळवळतो. त्यानंतर रंग लावून आकार मोजतात: शेपटी तुटलेले किती, डोकं वाकडं असलेले किती. शंभरात ७० तरी धड असावेत, असा संकेत आहे. याच वेळी ब्रुसेलोसिस (गाई गाभडवणारा जंतूंचा रोग) आणि क्षयाची तपासणी करून घ्या, आणि वर सांगितलेल्या दोन जंतूंसाठी कातडीच्या आतलं धुवणही घ्यायला सांगा. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. कुणाची गाय गाभडली तर वार उघड्या हाताने ओढू नका.

पहिला निकाल वाईट आला तरी लगेच वळू विकू नका. दोन महिने थांबून पुन्हा तपासा. तापाचा परिणाम असेल, तर दुसऱ्या वेळी चित्र सुधारलेलं दिसेल. दोन्ही वेळा तसंच राहिलं, तर मात्र खच्चीकरण करून टाका. असा वळू दुसऱ्या गावाला विकणं म्हणजे तीच भानगड दुसऱ्याच्या गोठ्यात बांधणं. तुम्ही ते करणार नाही, याची मला खात्री आहे.

मग त्या डीएनए चाचणीचं काय? तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण प्रदर्शनातला माणूस तुम्हाला पुन्हा भेटेल, आणि तो सगळं खोटं बोलत नाही.

काही जनुकीय दोष असे आहेत की सूक्ष्मदर्शकाखालीही ते सापडत नाहीत. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या फ्लेकफी जातीत असे वळू आढळले. वीर्य भरपूर, शुक्राणू चपळ, आकार निर्दोष, आणि तरी शंभर रेतनांत दोन गाईसुद्धा गाभण राहत नव्हत्या. २०१४ मध्ये त्याचं कारण सापडलं: टीएमईएम९५ नावाच्या जनुकातला एक बिघाड. शुक्राणू बीजापर्यंत जातो, पण बीज फळत नाही. आई आणि बाप दोघांकडून हा बिघाड आला तरच वळू असा होतो. तुमच्या वळूने पहिल्या वर्षी गाई गाभण ठेवल्या आणि वासरं झाली, म्हणजे हा किंवा असा दोष त्याच्यात नाही. त्यासाठी केस पाठवायची गरज नाही, वाडीत उड्या मारणारी वासरंच पुरावा आहेत.

दुसरा प्रकार गुणसूत्रांचा. गाईबैलांत ६० गुणसूत्रं असतात. काही जनावरांत पहिलं आणि एकोणतिसावं एकमेकांना चिकटून ५९ होतात. हे स्वीडनमध्ये १९६४ मध्ये प्रथम लक्षात आलं. असा वळू दिसायला देखणा, चढायला जोरदार, पण त्याच्या काही गर्भांत गुणसूत्रांचा हिशेब चुकतो आणि ते लवकरच मरतात. तो दोष तो आपल्या मुलींनाही देतो. ही तपासणी केसांवरून होत नाही. ताजं रक्त लागतं, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुणसूत्रं मोजावी लागतात. केसांच्या चाचणीत "सगळं कळतं" असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा.

तिसरा प्रकार तुमच्या एचएफ गाईंशी थेट संबंध असलेला, म्हणून थोडं थांबून सांगतो. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ नावाचा एक होल्स्टिन वळू होता. त्याच्या मुली दुधाला इतक्या चांगल्या निघाल्या की त्याला १६,००० मुली झाल्या आणि नाती पाच लाखांवर गेल्या. आज जगात होल्स्टिन रक्त जिथे जिथे आहे, तिथे चीफ थोडाफार आहेच. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता. एकाच बाजूने आला तर काहीच त्रास नाही. दोन्ही बाजूंनी आला तर गर्भ पोटातच मरतो. संशोधकांना २०११ च्या सुमारास ते कळलं ते मोठ्या विलक्षण रीतीने: हजारो जिवंत होल्स्टिन जनावरांची जनुकं पाहिली, तेव्हा एक विशिष्ट तुकडा दुहेरी असलेलं एकही जनावर सापडेना. असायला हवीत आणि नाहीत, म्हणजे ती जन्मलीच नाहीत. त्या दोषाला एचएच१ म्हणतात. या एका जनुकामुळे जगभरात अंदाजे पाच लाख गर्भ गेले, असा हिशेब पुढे मांडला गेला. इतकी वर्षं लोक म्हणत राहिले की गाय उलटली. जर्सीत असाच जेएच१ आहे. ब्लॅड, सीव्हीएम, डम्प्स, सिट्रुलिनेमिया ही त्याच कुळातली नावं: कुठे गर्भ दीड महिन्यात जातो, कुठे वासरू जन्मून आठवडाभरात.

हिशेब सोपा आहे. वळू आणि गाय दोघंही असा दोष लपवून असतील, तर चारात एक गर्भ मरतो. एकच असेल तर कुणीच मरत नाही. म्हणून अकरात आठ गाई उलटण्याचं कारण हे असू शकत नाही. पण तुमच्या कालवडींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्या आणि हा वळू एकाच आईच्या पोटचे. आईकडून वळूत एखादा असा दोष आला असेल, तर प्रत्येक कालवडीतही तो असण्याची शक्यता निम्मी. दोघांचा संकर केला तर आठात एक गर्भ त्या एका दोषापायी जातो, आणि असे लपलेले दोष एकाहून जास्त असू शकतात. जी वासरं जगतात, तीही नात्यातल्या संकरामुळे वाढीला आणि पुढे गाभण राहायला मागे पडतात. आपण माणसांत सख्ख्या-सावत्र भावंडांचं लग्न लावत नाही, जनावरांत "घरचंच रक्त आहे" म्हणून अभिमानाने लावतो. कालवडी या वळूकडे मुळीच भरवू नका.

प्रदर्शनात "प्रजननशक्तीचे मार्कर" (म्हणजे डीएनएतल्या खुणा) म्हणून जे सांगतात, त्यातलं बरंचसं अजून संशोधनातच आहे. वळूच्या वाय गुणसूत्रावर टीएसपीवाय, प्रॅमी अशा जनुकांच्या अनेक प्रती असतात आणि त्यांची संख्या प्रजननाशी जोडलेली दिसते. पण त्यावरून तुमचा वळू शंभरात किती गाई गाभण ठेवील, हे आज कुणी सांगू शकत नाही. प्रजननशक्ती शेकडो जनुकांच्या बारीक बारीक वाट्याने बनते, आणि ऊन, चारा, ताप यांचा वाटा त्यांच्याहून मोठा असतो. अमेरिकेत २००८ पासून वळूंच्या गर्भधारणेचा क्रमांक जाहीर करतात, तोही लाखो रेतनांच्या नोंदींवरून. तुम्ही ऐकलं असेल, ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते 'गौ चिप' या गाईंची जनुकं तपासणाऱ्या चिपचं उद्घाटन झालं. ती चिप कमी वयातच चांगली पैदाशीची जनावरं निवडण्यासाठी आहे. आजारातून उठलेल्या वळूचं वीर्य सुधारलं का, हे तिला विचारून उपयोग नाही.

आणखी एक, तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी. एका जातीत सापडलेला मार्कर दुसऱ्या जातीला लागू पडतोच असं नाही. रायबाग-अथणीकडे ज्यांच्या दारात खिलार किंवा कृष्णा व्हॅली वळू आहे, त्यांनी होल्स्टिनच्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. कृष्णा व्हॅलीचे वळू इतके थोडे उरलेत की तिथे नात्यातला संकर टाळण्यासाठी कोण कुणाचा, याची वंशावळ लिहून ठेवणं जास्त महत्त्वाचं.

मग डीएनए तपासणी कधी करायची? वळू राखण्याआधी. गोऱ्हा वर्षाचा असताना आणि त्यावर पुढची दोन वर्षं खर्च करायच्या आधी. पुढच्या वेळी भाऊजींनी गोऱ्हा निवडला, तर आधी तो कालवडीबरोबर जुळा जन्मला नव्हता ना, ते पाहा, कारण असे गोऱ्हे कधी कधी कमी फळतात. मग जनुकीय रोगांची आणि गुणसूत्रांची तपासणी करून घ्या. गुजरातेत आणंदला एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) काल्फ प्रयोगशाळा हे काम करते. पण खरं सांगायचं तर पाच गाईंच्या गोठ्याला स्वतःचा वळू परवडतच नाही. हे सगळं वीर्य केंद्रावर तुमच्यासाठी आधीच केलेलं असतं. हेसरघट्टा, उरळी कांचन अशा ठिकाणच्या वळूंची गुणसूत्रं मोजलेली असतात, एचएफ आणि त्यांच्या संकरित वळूंचे ठरलेले जनुकीय रोग तपासलेले असतात, संसर्गाच्या चाचण्या नियमाने होतात. वीर्याच्या प्रत्येक कांडीत (गोठवलेल्या बारीक नळीत) दोन कोटी शुक्राणू, आणि वितळवल्यावर त्यातले निम्मे तरी चपळ असलेच पाहिजेत, हा देशभरचा नियम आहे. दूध तुम्ही नंदिनीला घाला नाहीतर गोकुळला, ही सोय दोन्हीकडे आहे.

दोन्ही कालवडींना कांडीच भरवा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतन करायला येणाऱ्याने कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली पाहिजे. खिशात किंवा काखेत धरून वितळवत असेल, तर नम्रपणे थांबवा आणि गरम पाण्याचं भांडं स्वतः पुढे करा. रिकामी कांडी मागून घ्या. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो, तो कालवडीच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्याच्या नंबरासमोर वहीत लिहा. उद्या त्या कालवडीच्या पोटच्या कालवडीला भरवताना हाच नंबर टाळायचा आहे.

भाऊजींशी बोलताना वळूला नाव ठेवू नका. त्यांनी तो दुधावर वाढवलाय, त्यांना ते लागेल. "ताप आल्यामुळे एकदा दाखवून आणू" एवढंच म्हणा, ते खरंही आहे. शेजाऱ्यांचे पैसे मात्र देऊन टाका, ज्यांच्या गाई रिकाम्या निघतील त्यांचे. आणि निकाल आले की आकड्यांसकट मला पुन्हा लिहा: घेर किती, चपळ किती, धड किती, आणि गाई कितव्या दिवशी उलटल्या ते.